लोहाची गोळी सुरू करण्याआधी

आमची लॅब एसटी स्टँडच्या मागच्या बोळात आहे. संध्याकाळी पाचनंतर रिपोर्ट न्यायला गर्दी होते. रिपोर्ट हातात पडला की माणसं खिडकीपाशी उभ्या उभ्याच पाकीट फोडतात आणि ठळक छापलेले आकडे तेवढे वाचतात. अशाच एका संध्याकाळी बावन्न वर्षांचे एक मामा आणि त्यांची मंडळी रिपोर्ट घेऊन आत माझ्या टेबलापाशी आली. मामा एसटीत वाहक. फेरिटिन ६४०, आणि शेजारी 'जास्त' अशी खूण.

मामी खूश होत्या. "मॅडम, दोन वर्षं झाली, रोज एक गोळी चुकू दिली नाही. खजूर देते, बीट देते, भाजी लोखंडी कढईतच करते. रक्त भरलं ना आता यांचं?"

मी विचारलं, गोळी कुणी लिहून दिली होती? कुणीच नाही. ड्यूटीवरून आल्यावर मामांचं अंग गळून जायचं, पाय ओढायचे. मेडिकलच्या दुकानात सांगितलं, त्याने लोहाची गोळी काढून दिली. पाकीट संपलं की तेच पाकीट दाखवून दुसरं आणायचं. हिमोग्लोबिन तेव्हा तपासलंच नव्हतं. आज तपासलं तर १४.१, म्हणजे पुरुषाला हवं तेवढं. मात्र रिपोर्टच्या पहिल्या पानावर, जिथे दोघांपैकी कुणाची नजर गेली नव्हती, तिथे तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा होता ८.१. आणि लिव्हरचं एसजीपीटी ६८. अंग गळत होतं ते साखरेनं. दोन वर्षं औषध चाललं होतं ते लोहाचं.

असे रिपोर्ट आता दर आठवड्याला माझ्या हातून जातात, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना मधुमेह आहे, पोट सुटलेलं आहे, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहून आलंय, ट्रायग्लिसराइड वाढलेलं आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये फेरिटिन जास्त निघालं आहे, त्यांच्यासाठी. आणि त्यांच्या घरातल्यांसाठी, कारण गोळी, टॉनिक, गूळ, खजूर हे सगळं बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी मायेनं आणतं.

पहिली गोष्ट. आपल्या बोलण्यात 'रक्त कमी', 'रक्त भरलं' हे शब्द येतात ते हिमोग्लोबिनबद्दल. फेरिटिन ही वेगळी वस्तू आहे. १९३७ साली प्रागमध्ये विलेम लाउफबर्गर या शास्त्रज्ञाने घोड्याच्या प्लीहेतून हे प्रथिन वेगळं काढलं. आतून पोकळ असलेला हा गोळा आहे, आणि एका गोळ्याच्या पोटात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. खेड्यातल्या घरात धान्याची कणगी असते ना, बांबूची, शेणानं लिंपलेली? फेरिटिन म्हणजे पेशीतली लोहाची कणगी. लिव्हरमध्ये, प्लीहेत, हाडांच्या मगजात अशा असंख्य कणग्या असतात. त्यांतल्या थोड्या रक्तात येतात, आणि त्याही बऱ्याचशा रिकाम्या. आम्ही लॅबमध्ये मोजतो त्या या रक्तातल्या.

एरवी हा अंदाज बरोबर येतो. अंगणात कणग्या कमी दिसल्या तर घरात धान्य कमी. म्हणून फेरिटिन १५च्या खाली गेलं की लोह संपलंय हे डोळे झाकून सांगता येतं. उलट बाजूनं मात्र तसं सांगता येत नाही. घराला आग लागली तर माणसं कणग्या उचलून अंगणात आणून टाकतात. त्या ढिगाकडे बघून यंदा पीक अमाप आलं असं कुणी म्हणणार नाही.

ही आग कोविडच्या दोन वर्षांत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. २०२०-२१च्या आधी फेरिटिन हा शब्द घराघरांत नव्हता. मग एकदम सीआरपी, डी-डायमर आणि फेरिटिन हे तीन शब्द कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागले. तेव्हा कुणाचं फेरिटिन हजारावर गेलं तर त्याच्या अंगात आठ दिवसांत लोह साठलं नव्हतं. शरीरात दाह पेटला होता. डेंग्यूत तेच होतं, मोठ्या जंतुसंसर्गात होतं, संधिवाताच्या काही प्रकारांत होतं. रोजची क्वार्टर घेणाऱ्याच्या लिव्हरमध्येही होतं.

मधुमेह, सुटलेलं पोट आणि फॅटी लिव्हर यांचा दाह असा भडकत नाही. तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा वर्षानुवर्षं धुमसत राहतो. ताप नाही, दुखणं नाही, फक्त थोडा थकवा. फॅटी लिव्हर असलेल्या साधारण तीनांतल्या एकाचं फेरिटिन वाढलेलं सापडतं. फ्रान्समधल्या रेन शहरातल्या डॉक्टरांनी १९९७ साली असे रुग्ण पहिल्यांदा एकत्र मांडले. लिव्हरमध्ये लोह जास्त, पण रक्तातून वाहणाऱ्या लोहाचं प्रमाण नॉर्मल, आणि बहुतेकांना वजन, साखर किंवा चरबीचा काहीतरी त्रास. तोवर लिव्हरमध्ये लोह साठलं की नजर आनुवंशिक आजाराकडे जायची. हा प्रकार वेगळा निघाला, आणि आज तोच जास्त दिसतो.

तो होतो कसा, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते कळलं की पुढचं पथ्य लादल्यासारखं वाटत नाही.

आपल्या शरीरात एकूण लोह तीन ते चार ग्रॅम. दोन-तीन खिळ्यांचं वजन म्हणा. त्यातलं दोन तृतीयांश लाल पेशींत. लाल पेशी १२० दिवस जगते, मरते, आणि तिच्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं. मोडीतल्या भांड्याचं नवं भांडं करावं तसं हे काम रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोहाचं चालतं. बाहेरून घ्यायचं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, आणि तेवढंच कातडीच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर निघून जातं. बायकांचं पाळीतून आणखी थोडं. महत्त्वाचं हे, की जास्तीचं लोह मुद्दाम बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. मीठ जास्त झालं तर मूत्रपिंड काढून टाकतं. लोह काढून टाकणारा अवयवच नाही. त्यामुळे सगळा बंदोबस्त आत येण्याच्या दारावर ठेवावा लागतो.

त्या दारावरचा पहारेकरी म्हणजे हेप्सिडिन. हे संप्रेरक लिव्हर तयार करतं. हेप्सिडिन वाढलं की आतड्यातून लोह आत येणं कमी होतं, आणि साठ्यातलं लोह बाहेर पडायची वाटही बंद होते. लिव्हरमध्ये चरबी साठली, दाह धुमसायला लागला, की हेप्सिडिन वाढतं आणि दार लावून घेतलं जातं. जे लोह आत आहे ते लिव्हरमध्येच अडकून पडतं. रक्तात वाहणारं लोह नॉर्मल दिसतं, फेरिटिन वाढलेलं दिसतं. रेनच्या डॉक्टरांना जे दिसलं ते हेच.

आणि अडकलेलं लोह गप्प बसत नाही. पावसाळ्यात विळी ओली राहिली की गंज चढतो, ती लोह आणि ऑक्सिजनची करणी. पेशीत मोकळं लोह जास्त झालं की याच जोडीतून असे जहाल कण तयार होतात की ते पेशीच्या भिंतींना इजा करतात. लिव्हरवर इन्सुलिनचा अंमल आणखी कमी होतो. इन्सुलिन चालेना म्हणून शरीर ते जास्त बनवतं, जास्त इन्सुलिनमुळे पेशी जास्त लोह ओढून घेतात. चरबीमुळे लोह अडकतं आणि लोहामुळे चरबीचा त्रास वाढतो, असा हा फेरा आहे. अशा लिव्हरमध्ये आपण वरून रोज शंभर मिलिग्रॅमची गोळी टाकतो. पहारेकरी त्यातलं बरंचसं अडवतो, पण सगळं अडवत नाही.

आता धीराचं बोलते. ती दोघं घरी गेल्यावर ६४० आकडा पाहून मामांच्या मुलाने मोबाइलवर शोधलं आणि त्याला एकदम कॅन्सर दिसला. रात्रभर घरात कुणी झोपलं नाही. असं करू नका. पोट सुटलेल्या, साखर असलेल्या माणसात हा आकडा बहुतेक वेळा लिव्हरचा निरोप असतो. प्रत्यक्ष लोह मोजायचा एमआरआय केला तर अशा पुष्कळ जणांत साठा थोडाच निघतो, काहींत निघतही नाही. निरोप आला तर तो वाचायचा. फाडायचा नाही, आणि त्यावरून रडायचंही नाही.

तो वाचायचा कसा? फेरिटिन एकटं वाचू नका. डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: "ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन करायचं का?" तपासणी महाग नाही. ट्रान्सफेरिन म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारी गाडी. एकूण सीटांपैकी किती भरल्या आहेत ते सॅच्युरेशन सांगतं. रिपोर्टवर सीरम आयर्न आणि टीआयबीसी असे दोन आकडे असतात. पहिल्याला दुसऱ्यानं भागा आणि शंभरानं गुणा. मामांचं आयर्न ९८, टीआयबीसी ३१६, म्हणजे ३१ टक्के. गाडी मध्यम भरलेली, कणग्या मात्र खूप. चित्र फॅटी लिव्हरचं. हाच आकडा ४५-५० टक्क्यांच्या वर गेला असता, आणि पुन्हा तपासूनही तसाच राहिला असता, तर खरोखरच लोह ओसंडतंय असं समजून वेगळ्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या. हेमोक्रोमॅटोसिस नावाचा आनुवंशिक आजार त्यात येतो. ज्या जनुकदोषामुळे तो उत्तर युरोपातल्या लोकांत इतका आढळतो, तो दोष आपल्याकडे दुर्मीळ आहे. पण दुर्मीळ म्हणजे अजिबात नाही असं नव्हे, आणि सॅच्युरेशन पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

इथे मला दुसरी एक बाई आठवते, आणि तिच्यामुळेच मी 'लोह बंद करा' असं सरसकट कधीच म्हणत नाही.

एकेचाळीस वर्षांची ताई. वजन ८८ किलो, मधुमेहाची गोळी चालू, पाळीत आठ-आठ दिवस भरपूर रक्तस्राव. हिमोग्लोबिन ९.४. फेरिटिन ९६. कुठेतरी तिला सांगितलं होतं, "लोह भरपूर आहे, गोळीची गरज नाही." तिची धाप वाढत चालली होती. जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायची. सॅच्युरेशन केलं तर ८ टक्के. गाडी जवळजवळ रिकामी. वजनाच्या आणि साखरेच्या दाहाने फेरिटिन फुगवून ठेवलं होतं, आणि त्या फुगलेल्या आकड्याआड तिची खरी लोहाची कमतरता दडून बसली होती. तिला लोह द्यावं लागलं, आणि पाळीचा त्रासही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवून मार्गी लावावा लागला.

मामांना गोळी नको होती आणि ती दोन वर्षं चालू होती. ताईला हवी होती आणि ती मिळत नव्हती. दोघांच्या मधे उभी होती ती एकच न केलेली तपासणी.

म्हणून सांगते, हे वाचून कुणी गरोदर सुनेची गोळी बंद करू नका. शाळेत मुलींना मिळणारी आठवड्याची गोळी टाकून देऊ नका. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, पुरुषांत २५ टक्के. लोहाची कमतरता हे आपल्याकडचं खरं दुखणं आहे, आणि बायका ते अंगावर काढतात हेही खरं. माझं म्हणणं त्यांच्यासाठी आहे ज्यांनी न तपासता, थकवा आला म्हणून, वर्षानुवर्षं आपणच गोळी धरून ठेवली आहे. विशेषतः चाळिशीपुढचे पुरुष आणि पाळी गेलेल्या बायका. त्यांच्या शरीरातून लोह जायला फारशी वाट नसते. अशा माणसाचं हिमोग्लोबिन खरंच कमी असेल आणि लोहही कमी असेल, तर रक्त कुठून जातंय हे आधी शोधायला हवं. मूळव्याध असेल, जठरातली जखम असेल, आतड्यात काही असेल. गोळीने आकडा सुधारतो आणि शोध लांबतो.

आणखी एक गट या गोंधळात सापडतो, तो थॅलेसीमिया मायनरचा. हिमोग्लोबिन कायम दहा-अकराच्या आसपास, लाल पेशी आकारानं लहान पण संख्येनं जास्त. त्रास काही नसतो. पण 'रक्त कमी' म्हणून लहानपणापासून लोह चालू. आकडा हलत नाही, मग कंपनी बदलून पुन्हा लोह. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस एकदा केलं की उलगडा होतो. आयुष्यात ही तपासणी एकदाच करावी लागते, आणि लग्नाआधी केली तर पुढच्या पिढीचंही भलं होतं. सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत याचं प्रमाण जास्त, पण इतरांतही आहे. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्या थॅलेसीमिया मेजरच्या मुलांचा किंवा विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांचा लोहसाठा ही निराळी, गंभीर गोष्ट आहे. त्यांना लोह बाहेर काढायची औषधं लागतात आणि ती त्यांच्या डॉक्टरांच्या हातात असावीत.

परत मामांकडे. त्यांच्यासाठी काय करायचं ठरलं?

गोळी बंद. मल्टिव्हिटॅमिनच्या कॅप्सूलमागचं बारीक छापलेलं वाचलं, त्यातही लोह होतं, तीही बंद. मामींनी हळूच विचारलं, गावच्या ओळखीतून आणलेलं मंडूर भस्म चालेल का? मंडूर हे लोहाचंच. जडीबुटीच्या डबीतून आलं म्हणून लिव्हर त्याला वेगळं वागवत नाही. वैद्यांकडून घेत असाल तर हा रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवा. आणि क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या, ज्या कोविडपासून घराघरांत सवयीच्या झाल्या आहेत, त्याही अशा माणसानं विनाकारण घेऊ नयेत, त्या गोळ्यांमुळे आतड्यातलं लोह जास्त शोषलं जातं. लिंबू पिळलेलं वरण खायला मात्र काही हरकत नाही.

कढई फेकू नका. पालक, मेथी, माठ, बाजरी सोडू नका. पालेभाजीतलं लोह शरीर थोडंच घेतं, आणि त्या भाजीत साखरेसाठी, पोटासाठी जे चांगलं आहे ते गमावून बसाल. मटण रोज खात असाल तर आठवड्यातून एखाद्या वेळेवर आणा. ज्यांचं लोह खरोखर जास्त आहे किंवा लिव्हर पार बिघडलं आहे त्यांनी कालवं, तिसऱ्या अर्धवट शिजवून खाऊ नयेत, त्यातला एक समुद्री जंतू अशा माणसाच्या जिवावर उठू शकतो. कोकणात आणि गोव्यात हे लक्षात ठेवावं. नीट उकळवून, शिजवून खा.

खरं काम लोहाचं नाहीच, पोटाचं आहे. मामांच्या पोटाला मी शिंप्याची टेप लावली. खालची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून. १०२ सेंटिमीटर. आपल्या लोकांत पुरुषाला ९० आणि बाईला ८० ही मर्यादा धरतात. युरोपियनांपेक्षा ती कमी आहे, आणि याचं कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यावर सारखे, आतून वेगळे. म्हणून "मी कुठे जाड आहे?" असं म्हणणाऱ्याच्याही लिव्हरमध्ये चरबी सापडते. टेप घरात असते. आज रात्रीच लावा.

मामांचं वजन ८४. त्यातलं पाच टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते, सात ते दहा टक्के उतरलं तर दाहही निवतो. म्हणजे सहा ते आठ किलो, सहा-आठ महिन्यांत. उपाशी राहून नव्हे. मामांचं गणित आम्ही त्यांच्या ड्यूटीवरच मांडलं. दर थांब्यावर चहा, दिवसाला सहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. तो दोन चहांवर आणि बिनसाखरेवर आला. स्टँडवरचा वडापाव गेला, डब्यात भाकरी, उसळ आली. शेवटची फेरी झाली की डेपोपासून घरापर्यंत चालत, पाऊण तास. एकादशीची साबुदाण्याची खिचडी मामींना सोडवेना, तर ती वाटीभर झाली आणि सोबत ताक व काकडी आली. आणि दारू. मामा रोज घेत नव्हते, पण शनिवारी घेत होते. दारू त्या पहारेकऱ्याला, हेप्सिडिनलाच, झोपवते आणि लोहाला दार मोकळं होतं, हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सोडतो."

साखरेचं औषध डॉक्टरांनी लिहून दिलं आणि ते चालू झालं. तेही तितकंच महत्त्वाचं. फेरिटिनच्या नादात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल मागे पडू देऊ नका, हृदयाला धोका त्यांचाच.

बरेच जण विचारतात, रक्त काढून टाकलं तर? विचार चुकीचा नाही. एका रक्ताच्या पिशवीबरोबर साधारण दोनशे मिलिग्रॅम लोह जातं, आणि हेमोक्रोमॅटोसिसमध्ये तोच मुख्य उपचार आहे. पण आपण ज्या प्रकाराबद्दल बोलतोय त्यात फ्रान्समध्येच २७४ रुग्णांवर अभ्यास झाला. साधारण निम्म्यांचं रक्त काढलं आणि खाण्यापिण्याचा सल्ला दिला, उरलेल्यांना फक्त सल्ला दिला. तो अभ्यास २०१७ साली छापून आला. रक्त काढलेल्यांचं फेरिटिन उतरलं, पण साखर-इन्सुलिनचं गाडं त्यामुळे सुधारलं नाही. म्हणून आकडा उतरवायला शिबिरं गाठू नका. रक्तदान करायचं तर दुसऱ्यासाठी करा, आपला आजार आणि औषधं फॉर्मवर खरी लिहून. इन्सुलिन घेणाऱ्याचं रक्त रक्तपेढी घेत नाही. आणि रक्त दिल्यावर लगेच तीन महिन्यांची साखर तपासली तर ती खोटी कमी दिसते, कारण लाल पेशी नव्या असतात. डॉक्टरांना हे सांगायचं राहून जातं.

लिव्हर किती खराब झालंय याचा पहिला अंदाज घरबसल्या काढता येतो. फिब-४ नावाचा हिशेब आहे. वय गुणिले एसजीओटी, याला प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, यानं भागायचं. मामांचं वय ५२, एसजीओटी ४४, एसजीपीटी ६८, प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार, म्हणजे २४०. उत्तर १.१६. १.३च्या खाली असेल तर लिव्हर कडक होण्याचा धोका सध्या कमी. वर असेल तर फायब्रोस्कॅनबद्दल विचारा. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, मिनिटात काढून देईल.

थांबायचं नाही अशा खुणाही आहेत. फेरिटिन हजाराच्या वर. सॅच्युरेशन दोनदा ४५च्या वर. कावीळ, पोटात पाणी, पायांवर सूज. न कमी होणारा ताप. काही न करता उतरणारं वजन. कातडी उगाच काळवंडत, तांबूस होत जाणं, हाताच्या तर्जनी-मधल्या बोटांची मुळं दुखणं. सख्ख्या भावाबहिणीला लोहाचा किंवा लिव्हरचा आजार. यातलं एकही असेल तर घरगुती काही करत बसू नका, लिव्हरच्या किंवा रक्ताच्या तज्ज्ञाकडे जा.

मामा नऊ महिन्यांनी परत आले. वजन ७७, पोट ९५, तीन महिन्यांची साखर ६.८, एसजीपीटी ४१. फेरिटिन ३७०. अजून नॉर्मलपेक्षा जास्तच, आणि मामी त्यावर थोड्या हिरमुसल्या. मी त्यांना सांगितलं, या आकड्याला घाई नसते. अंग गळतं का, असं विचारलं तर मामा म्हणाले, आता शेवटच्या फेरीनंतर चालत जायची सवय लागली आहे, बसून राहिलं तर चुकल्यासारखं वाटतं.

तुम्ही तपासायला याल तेव्हा सकाळी उपाशीपोटी या, लोहाचा आकडा दिवसभरात वरखाली होतो. लोहाची गोळी घेत असाल तर आदल्या दिवशी घेऊ नका. ताप, सर्दी, दाढदुखी, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, नाहीतर त्या दाहाचंच फेरिटिन मोजलं जाईल. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. रक्त घेणारी मुलगी विचारेल, औषधं कोणती चालू आहेत. तेव्हा "साखरेची एक आणि ताकदीची एक" असं सांगू नका. ताकदीच्या गोळीचं पाकीट, टॉनिकची बाटली, भस्माची डबी, जे असेल ते पिशवीत घालून सोबत आणा आणि खिडकीवर ठेवा.